जेलरसाहेबांचा सरडा

डोणगावात मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगायच्या आधी बंदीची वेळ सांगितली.

"दिवेलागणीले फाटक बंद होते. त्याच्या आत आल्या तं आत, नाई तं बाहेर. दुपारीही बंद राह्यते, पण थोडा वेळ. समजलं?"

मी म्हटलं, मी इथं शिकवायला आलेय, शिक्षा भोगायला नाही. ते हसले नाहीत. "भोगणारेही पह्यल्या दिवशी असंच म्हणत," एवढं बोलून त्यांनी खोलीचं दार उघडून दाखवलं. खोली मात्र उत्तम होती. वारा आरपार जात होता, आणि भिंतीतला कोनाडा कंदील ठेवल्यावर बरोबर उशाशी उजेड पडेल अशा उंचीवर होता. मी भाडं विचारलं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गावात मुलींची शाळा नुकती निघाली होती आणि साताऱ्याकडची मी, जाहिरात बघून, एका ट्रंकेनिशी तिथं येऊन पडले होते. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. जेलरसाहेब तयार झाले त्याचं कारण गावानं मला नंतर सांगितलं: त्यांच्याकडं कुलपं भरपूर होती.

त्यांचं नाव गावात कुणी घेत नसे. पोस्टमनसुद्धा "जेलरसाहेब, पत्र" अशीच हाक द्यायचा. उभी नोकरी त्यांनी तुरुंगांत काढली होती. नागपूरच्या राज्यात लागले, मधे मुंबईच्या राज्यात गेले, आणि महाराष्ट्र झाला तेव्हा निवृत्त झाले. "राज्यं तीन पाह्यले, वरण एकच," असं ते म्हणायचे. अंगावर भर उन्हाळ्यातही खाकी कोट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घरात सतरंज्या कैद्यांनी विणलेल्या, टेबल कैद्यांनी केलेलं, पाटही कैद्यांनीच केलेले. ओसरीच्या आढ्याला रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्यावर ते दर तासाला हातोड्यानं ठोके देत. गावातली माणसं त्यावर भाकरी टाकत आणि त्यावरच उठत, पण तोंडानं मात्र त्यांना अर्धवट म्हणत.

संध्याकाळी गिनती व्हायची. फाटकाशी उभं राहून ते मोठ्यांदा म्हणत, "गाय. वासरू. विमल. बाई." मी खोलीतून "हजर" म्हणेपर्यंत पुढं सरकत नसत. मी दोन-चार दिवस मुद्दाम गप्प राहिले. ते दारात येऊन उभे राहायचे, मला डोळ्यांनी बघून घ्यायचे आणि "सब बरोबर" म्हणून कुलूप लावायचे. माझा राग राग व्हायचा. पुढं मीच "हजर" म्हणायला लागले, कारण भात करपायचा.

विमल ही त्यांची एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेलेली. पोरगी तुरुंगाच्या आवारातल्या क्वार्टरात वाढली. मी आले त्या वर्षी ती मॅट्रिक झाली होती आणि घरीच होती. बोलणं कमी, पण नजर एवढी तीक्ष्ण की माझ्या पोळीला भोक पडलंय हे ती अंगणातून ओळखायची.

गिनतीत एक दिवस पाचवा आला, तो सरडा.

गावातल्या पोरांनी त्याच्या गळ्यात सुतळी बांधून त्याला रस्त्यानं फरपटत चालवलं होतं. जेलरसाहेबांनी तो जप्त केला. एक पाय लुळा पडलेला, पाठीवरचे काटे मोडलेले. त्यांनी त्याला हळद लावली आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात ठेवला. साधा कुंपणावरचा सरडा, ज्याला बघून बायका थुंकतात आणि पोरं दगड उचलतात. त्याच्यासाठी हा माणूस पहाटे मच्छरदाणीच्या कापडाची जाळी घेऊन कपाशीच्या रानात नाकतोडे धरायला जायला लागला. शेतकरी विचारायचे, "साहेब, आता नाकतोड्यायले अटक करून राह्यले काय?" साहेब म्हणायचे, "हाव. तुमच्या कपाशीवर चोरी करून राह्यले होते."

डब्याचा प्रयोग अंगाशी आला. चैत्रातलं ऊन, आणि डबा पत्र्याचा. दुपारी विमलनं आरडाओरडा केला म्हणून मी धावत गेले, तर सरडा तोंड वासून पडलेला, पोट भात्यासारखं हलतंय. जेलरसाहेबांनी त्याला ओल्या फडक्यावर घेतलं आणि रांजणाच्या सावलीत बसून राहिले. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"पत्र्याची बराक उन्हाळ्यात काय असते ते मले मालूम होतं," ते म्हणाले. "मालूम असून म्या याले त्यात टाकलं."

सरडा वाचला. त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला आणि तो आल्यागेल्याला ऐकवायला लागले: "एका अंगानं ऊन पायजे, एका अंगानं सावली. कोठी बसाचं ते ज्याचं त्यानं ठरवाव." मी हे वाक्य मनात नीट घडी घालून ठेवून दिलं. कधीतरी त्यांच्याच अंगावर घालायचं, असं ठरवूनच.

दुसरं घर काचेचं झालं. कुणाच्या तरी मोडक्या कपाटाच्या काचा मिळाल्या, आणि शेजारच्या शेख मिस्त्रींनी त्याला सागवानी चौकट केली. मिस्त्री हाताला गुणी आणि जिभेला त्याहून. "साहेब, नवाबाले बंगला झाला, आता निकाह कधी लावता?" त्यांनी सरड्याला नवाब म्हटलं आणि तेच नाव पडलं. बंगला खरोखरच देखणा होता. चारी बाजूंनी काच, आत वाळू, वर अर्ध्या भागाला गोणपाटाची सावली. बघायला गाव लोटलं.

नवाब मात्र आतून बिथरला. दिवसभर काचेशी उभा राहून मान खालीवर करायचा, गळा फुगवायचा. गळा लाल असायचा तो काळा पडला. नाकतोडा समोर सोडला तरी त्याच्याकडं बघेना. अंगावरची कातडी सैल पडायला लागली. जेलरसाहेबांनी वाळू बदलली, फांदी बदलली, गोणपाट या टोकाचं त्या टोकाला नेलं. रोज सकाळी त्याच्यासमोर उकिडवं बसून विचारायचे, "आता काय कमी हाये?"

उत्तर विमलनं दिलं. भांडी घासता घासता, मान वर न करता.

"बाबा, त्याले काचेत दुसरा सरडा दिसते. तो जाऊनच नाई राह्यला म्हणून हा भांडून भांडून मरून राह्यला."

जेलरसाहेब उठले, काचेशी तोंड नेऊन बघितलं, तर त्यांचंच तोंड दिसलं. त्यांनी त्याच क्षणी शेणामातीचा गोळा घेऊन समोरची सोडून बाकी तिन्ही काचा आतून लिंपून टाकल्या. मिस्त्रींना वाईट वाटलं. नवाब दोन दिवसांत खायला लागला. पाणीही विमलनंच पाजलं. वाटीतलं पाणी तो बघतसुद्धा नव्हता. तिनं पानांवर हातानं शिंपडलं आणि तो थेंब चाटायला लागला. जेलरसाहेब शाळेत येऊन हेडमास्तरांना हे सगळं सांगत बसले. हेडमास्तर म्हणाले, "अहो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, कशाला एवढा जीव टाकता?"

जेलरसाहेब खुर्चीतून उठले. "ज्यानं हे म्हटलं त्यानं कुंपण पाह्यलं. सरडा नाई पाह्यला." आणि चहा तसाच सोडून गेले.

तिसरं घर तारेच्या जाळीचं. त्याच्या कोपऱ्यात फट राहिली आणि नवाब एका सकाळी निसटला. मी न्हाणीत होते. एकाएकी रुळाचा तुकडा असा काही वाजायला लागला, की थांबेचना. ठणठणठणठण. आग लागली असं वाटून अख्खी गल्ली बादल्या, काठ्या घेऊन धावली. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर जेलरसाहेब हातोडा हाणतायत आणि ओरडतायत, "नवाब फरार!" लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग शोधलाही. तो माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर ऊन खात बसला होता.

रात्री जेवताना त्यांनी मला समजावून सांगितलं. कैदी पळाला की न थांबता घंटी वाजवायची. तिला पगली घंटी म्हणतात. ती ऐकली की असेल तिथून प्रत्येकानं धावायचं, आणि पळणाऱ्याला धरून आणायचं. "उभ्या नोकरीत मले ती एकदाही वाजवा लागली नाई," ते म्हणाले. "माह्या हातून कोणी पळालं नाई, बाई." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. विमल त्यांना भाकरी वाढत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि तवा उतरवायला गेली.

आता विमलचं सांगते, कारण माझ्या जिवाला घोर होता तो तिचा.

तिला स्थळं येत. जेलरसाहेब मुलगा बघतच नसत, घर बघत. मोताळ्याकडचं एक चांगलं खातंपितं घर होतं. तिथं जाऊन आले आणि म्हणाले, "सयपाकघरात धूर कोंडते. धुराडं नाई." जानेफळचं आलं तर न्हाणीला दार नव्हतं. एका ठिकाणी सगळं होतं, पण माजघरात दिवसा दिवा लावावा लागत होता. "माह्यी पोरगी अंधारात ठेवू काय?" मुलाकडचे गाडीत बसताना म्हणाले, या माणसाला मुलगी द्यायची नाहीये, बराक तपासायचीय.

विमलला लग्नाची घाई नव्हतीच. तिला बुलढाण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. ती हे पहिल्यांदा बोलली तेव्हा जेलरसाहेबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी मिस्त्रींना बोलावून तिच्या खोलीला रस्त्याकडून खिडकी पाडून घेतली. गज घातले, पण खिडकी मोठी. "आता रस्ता दिसते. आता काय कमी हाये?"

ती पुन्हा बोलली, तेव्हा झोपाळा आला. मग रेडिओ आला, गावातला दुसरा की तिसरा. त्यावर ती चार दिवस खूश होती. पाचव्या दिवशी तिनं तो बंद केला आणि म्हणाली, "बाबा, ट्रेनिंगचं काय?" शेवटी त्यांनी पुढच्या पडवीत भिंत घालून बालवाडीची खोलीच बांधायला घेतली. "तुले शिकवाचंच हाये ना? अथीच शिकव. पोट्टे मी आणून देतो."

माणूस दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. दुष्टाशी भांडता येतं. हा माणूस पोरीसाठी भिंतीमागून भिंती रंगवत होता. ती जेवण टाकायला लागली, तर हा आमसुलाचं सार करून तिच्या खोलीशी नेऊन ठेवत होता. ती वाळली. बोलणं आधीच कमी होतं, ते संपलं. दिवसभर त्या नव्या खिडकीशी उभी राहायची, दोन्ही हातांनी गज धरून. गजांचा रंग हातांच्या जागी उडाला होता.

एकदा मी ते घडी घालून ठेवलेलं वाक्य काढलं.

"साहेब, कुठं बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं म्हणता ना?"

ते बालवाडीच्या भिंतीला ओळंबा लावत होते. दोरी त्यांच्या हातात तशीच थांबली.

"बाई, तुमी बाहेरून आल्या. बाहेर चांगलं हाये असं तुमाले वाटते. बाहेर काय हाये ते मले इचारा. बाहेरचंच तं आत येत होतं माह्यापाशी. एकएकाचं मी वाचलं, कोणी कोणाच्या पोरीले काय केलं. तीस वर्सं हेच वाचलं." आवाज चढला नव्हता. "पुन्हा हा इषय काढला तं खोली खाली करा."

मी म्हटलं, करते. पण बुलढाण्याहून ट्रेनिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय, आणि विमल जाईल. त्यांनी ओळंबा खाली टाकला आणि निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. विमलनं कपड्यांची पिशवी भरून ओसरीवर खांबाशी ठेवली. लपवली नाही. जेलरसाहेब तासाचे ठोके द्यायला जाताना पिशवीला वळसा घालून जात. दोघंही त्या पिशवीबद्दल बोलत नसत. मी म्हटलं मी बरोबर येते, तर विमल म्हणाली, "नको बाई. तुमी आल्या तं तुमीच नेली म्हणतीन." बुलढाण्याला माझी मैत्रीण मास्तरीण होती. ती स्टँडवर येणार होती. एवढंच ठरलं होतं. फाटक कसं उघडायचं हे ठरलं नव्हतं.

आणि जेलरसाहेबांनी त्याच दिवसांत नवाबाचं शेवटचं घर बांधलं. जाळीच्या घरात तो सारखा कडेकडेनं धावायचा, जाळीत नाक खुपसायचा, आणि नाकाचं कातडं सोलून लाल झालं होतं. त्यांनी ठरवलं की घरच लहान आहे. परसाची मागची भिंत एका जागी पडलेली होती आणि तिथं बोरीचं झाड होतं. भिंत बांधायच्या ऐवजी त्यांनी त्या खिंडारात पूर्ण झाडच जाळीत घेतलं. आतल्या बाजूनं माणूस वाकून जाईल एवढं दार, बाहेरच्या बाजूनं शेताकडं जाळी. बुंध्याशी खापऱ्यांचं बीळ, वर उघडं ऊन, खाली गर्द सावली, मुंग्या, माश्या, किडे आपोआप येणार. सरड्याला याहून चांगलं घर कुणी देऊ शकलं नसतं, हे मी आजही म्हणेन.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. जूनचा आरंभ, आभाळ कोरडं, ऊन पांढरंफटक. जेलरसाहेब सकाळपासून बोरीसमोर सतरंजी टाकून बसले होते. ठोकेही द्यायचे विसरले. दुपारची बंदी मात्र विसरले नाहीत. फाटकाला कुलूप पडलं, किल्ल्या कमरेला आल्या. थोड्या वेळानं त्यांनी आम्हा दोघींना हाक मारली.

"या इकडं. पाहा."

नवाब शेताकडच्या जाळीच्या कडेनं धावत होता. या टोकाहून त्या टोकाला, परत या टोकाला. नाक पुन्हा सोललेलं.

"झाड देल्लं. ऊन-सावली देल्ली. बीळ देल्लं. आता सांगा, काय कमी हाये?"

विमल म्हणाली, "बाबा, गाडी येईन आता."

"गाडीचं मंग. आधी याचं सांग."

"तुमी कैद्यायले इचारत होते ना, काय कमी हाये म्हणून?"

"रोज. कायदाच होता तसा."

"काय सांगत?"

"मीठ कमी हाये म्हणत." ते बराच वेळ जाळीकडं बघत राहिले. "सारे मिठाचंच सांगत."

मग ते उठले. पक्कड घेतली, वाकून आत गेले, आणि शेताकडची जाळी वरपासून खालपर्यंत कापून बाजूला दुमडून टाकली. माणूस सरळ उभा जाईल एवढी वाट झाली. नवाब घाबरून खापऱ्यांत घुसला. आम्ही तिघं बघत उभे. थोड्या वेळानं तो बाहेर आला, बुंध्यावर चढला, उघड्या वाटेच्या तोंडाशी आला, आणि तिथल्या फांदीवर पोट टेकून बसला. गळा हळूहळू लाल झाला. एक माशी आली, ती त्यानं मटकावली. आणि बसूनच राहिला.

जेलरसाहेबांचा चेहरा उजळला. इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं, बाई? उघडं केलं तरी जाऊन नाई राह्यला! म्हणजे सोय बरोबर होती. सोय चांगली असली का कोणी जात नाई." ते विमलकडं वळले, आणि अगदी मायेनं म्हणाले, "तूही समजून घे. तुह्या खोलीले अजून एक खिडकी पाडतो. बागेकडून."

एवढं सगळं बघून या माणसानं हे शिकावं! नेमका तेव्हाच वेशीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. वाशीमकडची गाडी आली होती. ती फार थांबत नसे.

विमल ओसरीवर गेली आणि पिशवी घेऊन आली. तिनं किल्ली मागितली नाही. वाकून जाळीच्या दारातून आत शिरली. बोरीचा काटा पदराला लागला, तो तिनं थांबून, नीट सोडवला. मग कापलेल्या जाळीतून पलीकडं गेली आणि वळली.

"बाबा, येते."

आणि नांगरलेल्या शेतातून चालायला लागली. धावली नाही. ढेकळांत पाय मुरगळत होता तरी धावली नाही. नवाबानं तेवढी मान तिरकी करून तिच्याकडं बघितलं.

जेलरसाहेब झपाट्यानं ओसरीवर गेले आणि हातोडा उचलला. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. मी धावत जाऊन रुळाच्या तुकड्यापुढं उभी राहिले.

"सरका, बाई."

"साहेब, ही घंटी वाजली तर गाव धावेल. पोर धरून आणतील. मग ती जन्मभर पळून गेलेली राहील. तुमच्या हातानं तिला पळपुटी करणार का?"

"सरका म्हणतो!"

मी सरकले नाही. हातोडा माझ्या डोक्याच्या वर होता. घामाचा वास, लोखंडाचा वास.

"माह्या हातून कोणी पळालं नाई," ते म्हणाले. आवाज रडवेला होता.

"आजही कुणी पळालं नाही. येते म्हणून सांगून गेलीय ती."

हात खाली आला. हातोडा त्यांनी जमिनीवर ठेवला, टाकला नाही. मग कोट चढवला, फाटकाचं कुलूप काढलं आणि रस्त्यानं चालू पडले. मी चपला न घालताच मागं धावले.

स्टँडवर गाडी उभी होती. ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतत होता. खाकी कोट आणि तो चेहरा बघून हॉटेलवाल्याचा झारा कढईवर थांबला, बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "आता वोढून आणते पोट्टीले." जेलरसाहेब कुणाकडं न बघता गाडीत चढले. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. विमल डावीकडं बसली होती. समोरच्या बाकाची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, आणि बोटं पांढरी पडली होती.

ते तिच्यापाशी जाऊन थांबले. वाकून तिच्या खिडकीतून वर आभाळाकडं बघितलं. मग मान वळवून पलीकडच्या खिडकीकडं बघितलं.

"ऊठ."

विमल उठली नाही.

"ऊठ म्हणतो ना."

"साहेब—" मी खालून म्हटलं.

"मेहकर सोडलं का या अंगानं ऊन येते," ते तिला म्हणाले. "थेट चिखलीपरेंत. तिकडून बस."

विमल त्यांच्याकडं बघत राहिली. मग दांडीवरचे हात सुटले. ती पिशवी घेऊन उठली आणि पलीकडं जाऊन बसली. त्यांनी तिथली काच खालीवर करून पाहिली, वारा येतो का बघितलं, आणि गाडीतून उतरले.